घटस्फोटानंतर उरणारा बोजा

घटस्फोटाचा हुकूमनामा पतिपत्नींचे नाते संपुष्टात आणतो. त्या दोघांनी मिळून लिहून दिलेल्या कर्जरोख्याला मात्र त्याची वार्ताही नसते. न्यायालयात पोटगी ठरते, मुलांचा ताबा ठरतो, स्त्रीधनाची यादी होते, प्रसंगी लग्नात दिलेल्या भांड्यांवरूनही उलटतपासणी झडते. कर्जाचा विषय निघालाच तर तो पोटगी देणाऱ्याची ऐपत किती, एवढ्यापुरता निघतो. ते कर्ज पुढे कोणी फेडायचे, त्याचा बोजा कोणाच्या जमिनीवर राहायचा आणि ते न फिटल्यास पत कोणाची जायची, हे प्रश्न हुकूमनाम्यावर सही-शिक्का झाल्यानंतर सुरू होतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ते अधिक बिकट होतात, याचे कारण तेथील पतपुरवठ्याच्या रचनेत आहे.

कृष्णा-वारणेच्या या टापूत सहकाराचे जाळे घरोघर पोहोचलेले आहे. गावात विकास सोसायटी, तालुक्याला नागरी बँक, नोकरदारांची पगारदार पतसंस्था आणि शेतकऱ्याचे ऊसबिल ज्यातून वळते होते तो साखर कारखाना, या साऱ्यांशी एकाच घराचा एकाच वेळी संबंध असतो. या व्यवस्थेने सावकाराच्या दारातून माणसाला बाहेर काढले, हे तिचे मोठे श्रेय. तथापि ती उभी आहे ती जामिनावर. प्रत्येक कर्जदाराला दोन जामीनदार लागतात आणि प्रत्येक जामीनदार उद्या कर्जदार असतो. जामीन राहणे हा येथे आर्थिक व्यवहार समजला जात नाही. तो भिडेचा, नात्याचा, फार तर शेजारधर्माचा भाग असतो. शिक्षक आणि कारकून यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. पगारपत्रक हातात आले की कपातीच्या रकान्यात आपल्या कर्जाबरोबर दुसऱ्याचे कर्जही दिसू शकते, हा अनुभव त्यांच्यातील अनेकांच्या गाठीशी आहे. अशा व्यवस्थेत नोकरी करणारी पत्नी ही पतीची पहिली आणि सर्वांत सोयीची जामीनदार ठरते. ‘ताई, इथे सही करा’ असे लिपिकाने म्हणावे आणि कागद न वाचता तिने सही करावी, यात दोघांनाही काही वावगे वाटत नाही.

अशा सहीचा पुढील प्रवास पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. सासर तासगाव तालुक्यातील, माहेर कराड तालुक्यातील आणि नोकरी प्राथमिक शाळेतील, अशी एक शिक्षिका आहे. पतीने द्राक्षबागेसाठी एका पतसंस्थेकडून कर्ज घेतले आणि ती जामीन राहिली. पुढे संसार मोडला, घटस्फोट झाला. बाग पतीकडे राहिली, कर्जही त्याच्याच नावे राहिले. पण हप्ते थांबले. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते. हा दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा झाल्यास कलम 154 अन्वये निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 128 तर स्पष्टच सांगते, की जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते. आधी बागायतदाराकडे जा आणि मगच शिक्षिकेकडे या, असे कोणताही कायदा संस्थेला सांगत नाही. वसुली अधिकारी अर्थातच जेथे पैसा दर महिन्याला नेमाने जमा होतो तेथे प्रथम जातो, आणि पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या बागेपेक्षा शिक्षिकेचा पगार त्याला अधिक विश्वासार्ह वाटतो.

येथवरचे नुकसान निदान पैशांत मोजता येते. पुढचे तसे मोजता येत नाही. वडिलांच्या पश्चात भावांबरोबर तिचे नाव माहेरच्या सातबाऱ्यावर लागलेले असते. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचे स्थान दिले. पगारातून वसुली अपुरी पडली, की जप्ती या हिश्शावर येऊ शकते आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तिच्या माजी पतीच्या बागेचा बोजा चढतो. आता अडचण एकट्या तिची राहत नाही. भावांना सोसायटीकडून पीककर्ज हवे असते; उताऱ्यावरचा बोजा पाहून तेथे प्रश्न विचारले जाऊ लागतात. ज्या घराने तिला आधार दिला त्याच घरात तिच्या नावाची अडगळ होऊ लागते. मग एके दिवशी हक्कसोडपत्राचा विषय निघतो, बहुधा फार सौम्य शब्दांत. बहिणींनी भावांना हक्क सोडून देण्याची आपल्याकडील जुनी रीत येथे नवे कारण घेऊन परत येते. कायद्याने दिलेला हिस्सा कर्जाच्या वाटेने असा निघून जातो आणि त्याची नोंद कोणत्याही घटस्फोटाच्या प्रकरणात होत नाही.

शहरातील जोडप्याची कहाणी निराळी दिसते, पण तिचा सांगाडा तोच आहे. सांगलीत वा साताऱ्यात दोघांच्या पगारावर सदनिका घेतली जाते. समजा, 15 लाखांचे कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षे. मासिक हप्ता साधारण 13,500 रुपयांचा होतो. पाच वर्षांनी संसार मोडला तर तोवर 8 लाख 10 हजारांच्या आसपास भरणा झालेला असतो. मुद्दल मात्र जेमतेम 1 लाख 70 हजारांनी कमी झालेले असते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा बहुतेक भाग व्याजातच जातो, हे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. संसाराच्या पहिल्या पाच-सात वर्षांत विभक्त होणाऱ्या जोडप्याला ते बँकेच्या खातेउताऱ्यावर प्रथमच दिसते. घर ‘तुझे’ आणि कर्ज ‘माझे’ असे दोघांत ठरले, तरी बँक त्या ठरावाची पक्षकार नसते. करार अधिनियमाच्या कलम 43 प्रमाणे ती दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रकमेची मागणी करू शकते. हप्ते 90 दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस निघते आणि तीवर दोन्ही नावे असतात. (शेतजमिनीला हा कायदा लागू नाही, तेथे वसुलीच्या वाटा वेगळ्या.) या बाबतीत पुरुषही सुटलेले नाहीत. ज्या घरात पाऊल ठेवता येत नाही त्या घराचे हप्ते निमूटपणे भरणारे आणि एखादा हप्ता चुकला की दुसरे कर्ज नाकारले जाणारे पतीही आहेत. मात्र ज्याच्या नावे शेत, बाग वा दुकान राहते त्याला पुन्हा उभे राहण्यास काही आधार असतो. माहेरी परतलेल्या वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या स्त्रीला तो बहुधा नसतो.

आता पतीची बाग आणि पत्नीचा पगार यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली आहे. ती म्हणजे पतमापन. पत हा शब्द मराठीत अब्रूच्या शेजारी बसणारा. पूर्वी माणसाची पत गाव ठरवीत असे. त्यात अन्याय होता, पण घरात काय घडले आहे हे गावाला ठाऊक तरी असे. आता ती 300 ते 900 या अंकांच्या दरम्यान मोजली जाते. सिबिल ही संस्था 2000 मध्ये स्थापन झाली, 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आता बँकेचा व्यवस्थापक समोरच्या व्यक्तीकडे पाहण्यापूर्वी तिचा अंक पाहतो. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार या तिघांच्याही नावे त्या कर्जाची नोंद होते. चूक असेल तर ती दुरुस्त करून मागता येते. 30 दिवसांत दुरुस्ती न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियमही रिझर्व्ह बँकेने केला आहे. परंतु घटस्फोटितेच्या नोंदीत चूक कोठे असते? सही तिचीच असते, थकबाकीही खरीच असते. कर्ज कोणी वापरले आणि हप्ते कोणी थांबवले, हे सांगण्यासाठी त्या तक्त्यात जागा नाही. तडजोड करून थोडी कमी रक्कम भरली तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो पुढील कर्जाच्या आड येतो. मुलगा अभियांत्रिकीला गेला, शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून आईचे नाव लिहिले आणि अर्ज परत आला, तेव्हा वडिलांच्या जुन्या कर्जाची खरी किंमत त्या घराला कळते. सार्वजनिक बँकांच्या नोकरभरतीतही आता उमेदवाराचा पतइतिहास पाहिला जातो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

लहान कर्जांची गत याहून चमत्कारिक आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूक्ष्मवित्त नियमांनुसार पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि त्या कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नावर कर्जफेडीची मर्यादा ठरते. कर्ज मात्र बहुधा बाईच्या नावे निघते. म्हणजे देताना कुटुंब पाहायचे आणि थकल्यावर एकटी बाई पाहायची! संसार मोडला की मापाचे ते कुटुंबच नाहीसे होते. हप्त्याची रक्कम मात्र तीच राहते.

यावर बँकांचे म्हणणे काय, हेही ऐकले पाहिजे. ते अगदीच फोल नाही. दोन पगार पाहून कर्ज दिले, त्यांतील एकाला सोडण्याची सक्ती बँकेवर का व्हावी, असे त्या विचारतात. ठेवीदारांचा पैसा त्यांच्या हाती असतो. दोघांनी संगनमताने घटस्फोट घेऊन कर्ज कफल्लक जोडीदाराच्या गळ्यात टाकले तर काय, ही शंकाही खोटी म्हणता येणार नाही. म्हणूनच ‘हुकूमनामा दाखवा आणि जामिनातून मुक्त व्हा’ असा सरधोपट नियम टिकणारा नाही. तथापि बँकेने कर्जदार मुक्त करणे आणि बँकेने त्याच्या अर्जाला उत्तरच न देणे या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. दुसरा जामीनदार दिला, तारणाची किंमत येणे रकमेहून पुरेशी जास्त असली, किंवा घर ठेवणाऱ्याचे उत्पन्न एकट्याने हप्ता भरण्याजोगे असले, तर नाव कमी करण्याचा अर्ज ठराविक मुदतीत निकालात काढावा आणि नकार द्यायचा तर सकारण द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. कर्ज फिटल्यावर मिळकतीचे मूळ कागद 30 दिवसांत परत न केल्यास दिवसाला 5,000 रुपये देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये घातलेच आहे. मुदतीची शिस्त तेथे चालते, तर येथे का चालू नये?

कागदामागचा इतिहास पाहणे कायद्याला अशक्य असते, असे कोणी म्हणेल. या प्रदेशाचा पूर्वानुभव निराळा आहे. पुणे आणि नगरकडील 1875 च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर इंग्रज सरकारने 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि तो प्रथम ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा साताऱ्यातच मोडे. शेतकऱ्याने रोख्यावर अंगठा उठवला असला तरी न्यायाधीशाने त्या व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा, मूळ रक्कम किती, व्याज किती, प्रत्यक्षात हाती काय पडले, हे पाहावे, अशी त्यात तरतूद होती. तो कायदा सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. सावकारांनी त्यातून पळवाटा काढल्याच. परंतु निरक्षर कुणब्याच्या अंगठ्यामागे डोकावण्याची मुभा परकीय सरकारने न्यायाधीशाला दिली होती. पदवीधर शिक्षिकेच्या सहीमागे डोकावण्याची गरज मात्र आज कोणाला वाटत नाही. शिकलेली आहे, वाचून सही केली असेल, असे गृहीत धरले जाते.

वस्तुतः बोजा हा शब्द स्त्रीच्या बाजूनेही वापरता येतो. हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 25 मध्ये कायम पोटगीची तरतूद आहे आणि ती देण्याची हमी म्हणून न्यायालय देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा निर्माण करू शकते, असे त्यातच म्हटले आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005 च्या कायद्याचे कलम 19 राहते घर विकण्यास वा गहाण टाकण्यास मनाई करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला देते. म्हणजे ज्या ‘इतर हक्क’ रकान्याने तिच्या माहेरच्या जमिनीला ग्रासले, तोच रकाना पतीच्या जमिनीवर तिच्या हक्काची नोंद करू शकतो. अट एवढीच, की हे मागितले पाहिजे आणि आदेश मिळाल्यावर त्याची प्रत तलाठ्याकडे (ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) देऊन फेरफार धरवला पाहिजे. नोंद नसेल आणि माहिती नसलेल्या माणसाने मोल देऊन ती जमीन घेतली, तर मिळकत हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 प्रमाणे असा बोजा त्याच्याविरुद्ध सहसा चालत नाही. पोटगीचा आकडा वाढवून घेण्यासाठी तासन् तास युक्तिवाद होतात. तो आकडा कशाच्या आधाराने वसूल होणार, यावर चार ओळीही लिहिल्या जात नाहीत. वकीलवर्गाने याचा विचार करण्यास हरकत नाही.

कर्जालाही हीच युक्ती लागू पडते. घर किंवा बाग पतीकडे आणि कर्जफेडही त्याच्याकडे असे ठरले, तर ‘पत्नीला कर्जाची झळ लागल्यास तिला भरपाई मिळेल आणि त्या भरपाईसाठी सदर मिळकतीवर बोजा राहील’ असे कलम संमतीच्या हुकूमनाम्यात घालता येते. बँकेचा अग्रहक्क त्यामुळे ढळत नाही. पण शिक्षिकेच्या पगारातून कापलेला रुपया परत मिळण्यास एक जागा राहते. मूळ दाव्यात विषय नसलेल्या स्थावर मिळकतीबद्दल तडजोडीच्या हुकूमनाम्याने हक्क निर्माण होत असेल, तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे त्याची नोंदणी लागते, हेही विसरून चालणार नाही.

या साऱ्या चर्चेबाहेर एक मोठा वर्ग राहतो. 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेल्या व्यक्ती 13 लाख 60 हजारांच्या घरात होत्या; न्यायालयाच्या शिक्क्याविना विभक्त राहणाऱ्या सुमारे 35 लाख. पत्री सरकारच्या लढ्यातून आलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनी 1980 च्या दशकात सांगली परिसरात ज्या परित्यक्तांना संघटित केले, त्या याच वर्गातल्या. मुद्रांकाच्या कागदावर काडीमोड लिहून दोन्हीकडच्या चार माणसांनी सह्या केल्या, की गावाच्या दृष्टीने प्रकरण संपते. त्या कागदात कर्जाचा उल्लेख नसतोच. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमानंतर 1992 मध्ये पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची, आणि 2003 मध्ये गावठाणातील घर दोघांच्या नावे नोंदवण्याची वाट शासनाने मोकळी करून दिली. ज्या घरांनी ती वापरली तेथे निदान कर्जाबरोबर मालकीही वाटली जाते. इतर घरांत बाईचे नाव कर्जाच्या कागदावर असते, हक्काच्या रकान्यात नसते. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने विवाहाबरोबरच मालमत्ता सामायिक होते आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. सिंधुदुर्गातील बांदा ओलांडले की कायदा बदलतो, ही आपल्याकडील एक मौज आहे. अमेरिकेने तर 1974 मध्येच वैवाहिक स्थितीवरून कर्ज नाकारण्यास कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे सामायिक मालमत्तेचा कायदा येईल तेव्हा येवो. तोवर आहे त्या तरतुदींतून पुष्कळ साधता येण्याजोगे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरवले आहे. देण्यांची यादी अशी न्यायालयासमोर येतेच. ती केवळ पोटगीच्या हिशेबापुरती न वापरता तिच्याबरोबर प्रत्येक कर्जाचा खातेउतारा, सातबारा वा मिळकत पत्रिका आणि दोघांचा पतअहवाल जोडला गेला, तर न्यायाधीशाला एका दृष्टिक्षेपात सगळे दिसेल. पतअहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात कलम 13-ब प्रमाणे सहा महिन्यांची प्रतीक्षा असते. हा काळ पतिपत्नी बहुधा एकमेकांची तोंडे न पाहता काढतात. वास्तविक बँकेत अर्ज देणे, जामीनदार बदलणे, फिटलेल्या कर्जाचा बेबाकी दाखला घेऊन ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करणे, या कामांना तो पुरेसा आहे. कर्ज फिटले म्हणून उताऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, हे तर पुष्कळांना जमीन विकायला काढल्यावरच कळते. आणखी एक गोष्ट याच मुदतीत करण्याजोगी आहे. 2015 पासून महाराष्ट्रात राहते घर वा शेतजमीन पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. अंतिम हुकूमनाम्यानंतर ती दोघे मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने परकी होतात आणि त्याच घराला मूल्याच्या टक्केवारीने शुल्क भरावे लागते. कर्ज बाकी असेल तर बँकेची संमती आधी लागते, ती मागण्याची वेळही हीच.

ही सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात मान्य केला. पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर प्रलंबित बाबी खऱ्या अर्थाने मिटल्या असतील तर, अशी अट त्यात आहे. माफीचा अर्ज समोर आला की पोटगी मिळाली का आणि मुले कोणाकडे राहणार, हे न्यायाधीश विचारतात. ‘इतर प्रलंबित बाबी’ या शब्दांत सोसायटीचा जामीन आणि बँकेचा हप्ता बसतो, असे धरून तिसरा प्रश्न त्याच बैठकीत विचारायला कायद्यात नवी दुरुस्ती लागत नाही.